मधुमेही मुलाच्या ताटातला भात

टाइप वन मधुमेहाचं निदान झालं की मुलाच्या आधी त्याच्या ताटावर उपचार सुरू होतात. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, भात घरातून हद्दपार होतो, बटाट्याकडे संशयाने पाहिलं जातं. भेटायला आलेल्या मावश्या-आत्या घरचा दाखला देतात : "आमच्या ह्यांनी भात सोडला आणि सहा महिन्यांत गोळी निम्मी झाली." चहात साखरेऐवजी गूळ, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, आणि सकाळी अनशापोटी कारल्याचा रस. सगळं आपुलकीने सांगितलेलं असतं. त्यामागचा सिद्धान्त मात्र एकच : मधुमेहात साखर वाढते, पिष्टमय पदार्थांनी ती आणखी वाढते, तेव्हा मुलाच्या पोटात ते जितके कमी जातील तितकं बरं.

हा सिद्धान्त मला साफ अमान्य आहे. पण कारल्याचा रस खोडून काढण्यात काही शौर्य नाही. पूर्वपक्ष मांडायचा तर त्याची सर्वांत भक्कम बाजू आधी मांडली पाहिजे, आणि ती मावशीकडे नाही. ती अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड बर्नस्टीन यांच्याकडे आहे.

बर्नस्टीन यांना स्वतःलाच वयाच्या बाराव्या वर्षी, १९४६ साली, टाइप वन झाला. पेशाने ते इंजिनिअर. रक्तातली साखर मोजणारं यंत्र तेव्हा फक्त डॉक्टरांना विकत मिळे. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून १९६९ मध्ये त्यांनी ते तिच्या नावावर मागवलं आणि घरीच दिवसातून अनेकदा साखर मोजू लागले. आपलं म्हणणं कुणी ऐकेना तेव्हा चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. त्यांचा युक्तिवाद असा : ताटातल्या कार्बचा, म्हणजे कर्बोदकांचा, अंदाज कधीच तंतोतंत येत नाही, आणि टोचलेलं इन्सुलिनही रोज सारख्या वेगाने रक्तात उतरत नाही. जेवण मोठं, तर डोस मोठा, आणि डोस मोठा, तर चूकही मोठी. कार्ब अगदी कमी ठेवले तर चूक झाली तरी किरकोळच होईल. या तर्कात खोट काढणं अवघड आहे, आणि त्याला आकड्यांचं पाठबळही मिळालं. २०१८ मध्ये 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात बर्नस्टीन यांच्या पद्धतीने खाणाऱ्या ३१६ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत ४२ टक्के मुलं होती. दिवसाचे कार्ब सरासरी ३६ ग्रॅम, आणि एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची पातळी दाखवणारा आकडा, सरासरी ५.६७ टक्के, म्हणजे जवळजवळ निरोगी माणसाइतकं. पोटच्या पोराच्या डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची काळजी असलेल्या आईबापांनी हा आकडा वाचला की त्यांना मोह होणारच.

पण हे ३१६ जण आले कुठून? ही पद्धत पाळणाऱ्यांच्याच एका ऑनलाइन गटातून. ज्यांना ती झेपली नाही, ज्यांच्या मुलांनी चौथ्या महिन्यात ताट भिरकावलं, ते गटातून केव्हाच बाहेर पडले होते. पाहणीत त्यांची नोंद व्हायला जागाच नव्हती. शिखरावर पोचलेल्यांना विचारून चढण सोपी आहे असं ठरवण्याचा हा प्रकार. अशा निवडक पाहणीवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, हे संशोधकांनाही मान्य होतं.

दुसरी अडचण आपल्या स्वयंपाकघरातली आहे. ३६ ग्रॅम म्हणजे मध्यम आकाराच्या दोन पोळ्या, दिवसभरात. नऊ वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. बालमधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेची, 'इस्पॅड'ची, २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की यातल्या ४० ते ५० टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून याव्यात. हिशेब केला तर १७० ते २१० ग्रॅम होतात. ते ३६वर आणायचे तर उरलेली भूक मांस, अंडी, चीज, तेलबियांवर भागवावी लागेल. अमेरिकी घरात हे जमूही शकेल. आपल्याकडच्या शाकाहारी घरात प्रथिनं मुख्यतः डाळ, उसळ आणि दूध यांतून येतात, आणि तिघांतही कार्ब आहेतच. अर्धा लिटर दुधात सुमारे २५ ग्रॅम. वर एक वाटी घट्ट वरण घेतलं की दिवसाचा कोटा संपला. पोळीचा पहिला घास अजून उचललेलाही नाही. मग घरात जे होतं ते कमी-कार्बचं जेवण नसतं, ते नुसतं कमी जेवण असतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्येच अशा आहारावरच्या सहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. वजन-उंचीची वाढ मंदावणं हा त्यातला ठळक धागा होता. आता सहा मुलांवरूनही फार काही सिद्ध होत नाही, समोरच्याला लावलेली कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. पण वाढत्या वयात बुडालेली उंची नंतर भरून काढता येत नाही, तेव्हा पुराव्याचं ओझं प्रयोग करणाऱ्यावर आहे.

आणि हा प्रयोग एकदा होऊन गेलेला आहे.

इन्सुलिन येण्यापूर्वी न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक अॅलन मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. लघवीत साखर दिसेनाशी होईपर्यंत अन्न कमी करायचं, पुन्हा दिसली की आणखी कमी करायचं. तो क्रूर माणूस नव्हता. हातात दुसरं काही नव्हतं, आणि त्या उपासमारीने काही मुलं महिन्यांऐवजी वर्षं जगली. एलिझाबेथ ह्यूज ही त्यांचीच रुग्ण. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेल्या चार्ल्स ह्यूज यांची ही मुलगी १९१९ मध्ये, अकरा वर्षांची असताना, आजारी पडली. तीन वर्षं तिने ग्रॅम-ग्रॅम मोजून खाल्लं. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला, इन्सुलिन शोधणाऱ्या डॉ. बँटिंग यांच्याकडे पोचली तेव्हा पंधरा पूर्ण व्हायला आलेल्या या मुलीचं वजन वीस किलोंच्या आसपास होतं. त्याच वर्षी ११ जानेवारीला त्याच शहरात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं होतं. तोही हाडांचा सापळा झालेला होता. बँटिंग यांनी एलिझाबेथला इन्सुलिन दिलं आणि त्याबरोबर पोटभर अन्न दिलं. पावाचा तुकडा परत तोंडात पडला याचं अप्रूप तिने आईला पत्रांतून कळवलं. ती त्र्याहत्तर वर्षं जगली, १९८१ मध्ये वारली, तीन मुलांची आई होऊन.

अॅलनची पद्धत त्या काळात योग्य होती, कारण इन्सुलिन नव्हतं. गंमत अशी की इन्सुलिन आलं, तरी पथ्याचं भय गेलं नाही. ते घालवायला निघालेल्या माणसांची नावं आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. लंडनचे डॉ. रॉबिन लॉरेन्स हे स्वतः मरता मरता इन्सुलिनमुळे वाचलेले मधुमेही. त्यांनी दहा-दहा ग्रॅम कार्बचे गट पाडून जेवण मोजण्याची सोपी रीत घालून दिली. १९३०च्या आसपास ब्रेस्लाऊचे बालरोगतज्ज्ञ कार्ल श्टोल्टं तर म्हणू लागले की मुलाला इतर मुलांसारखं जेवू द्या आणि इन्सुलिन त्या जेवणाप्रमाणे द्या. समकालीनांनी त्यांना वेड्यात काढलं. तोच विचार पुढे ड्युसेलडॉर्फमध्ये मिखाएल बेर्गर यांनी शिक्षणक्रमात बसवला, आणि त्यातूनच इंग्लंडमध्ये 'डॅफनी' हा कार्यक्रम निघाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले : प्रौढांना हवं ते खाण्याची मुभा देऊन डोस जुळवायला शिकवलं, तर सहा महिन्यांत एचबीए१सी सुमारे एक टक्क्याने खाली आलं.

आता मावशीकडे वळू. तिच्या यजमानांचा अनुभव खोटा नाही, पण तो टाइप टूचा आहे. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, ते पुरत नाही एवढंच. मागणी कमी केली की असलेलं पुरतं. मुलाच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच्याच शरीराने नष्ट केलेल्या असतात. तिथे मागणी कितीही घटवा, पुरवठा जवळजवळ शून्यच. शिवाय साखर काही फक्त ताटातून येत नाही. रात्रभर उपाशी असताना यकृत रक्तात साखर सोडतच असतं, आणि तिला आवर घालायला इन्सुलिनच लागतं. म्हणून दिवसाच्या एकूण इन्सुलिनपैकी साधारण निम्मं जेवणासाठी नसतंच; ते बेसल, म्हणजे नुसतं जगण्यासाठी असतं. "आज तापामुळे काही खाल्लं नाही, म्हणून इंजेक्शन दिलं नाही" हे वाक्य अतिदक्षता विभागात पोचवणारं आहे. इन्सुलिन थांबलं की शरीर चरबी जाळतं, कीटोन साचतात, रक्त आम्लधर्मी होतं, उलट्या आणि धाप सुरू होते. तापात साखर आणि कीटोन तपासून डोस कमी-जास्त करावा लागतो, बंद करायचा नसतो. ताट रिकामं ठेवलं की इन्सुलिनची गरज संपते, ही समजूत मला सगळ्या पथ्यांत घातक वाटते.

मग काही मुलांचं इन्सुलिन 'सुटतं' ते कसं? निदानानंतर उपचार सुरू झाले की उरल्यासुरल्या पेशी काही आठवडे, कधी कधी काही महिने उभारी धरतात. डॉक्टर याला हनिमूनचा काळ म्हणतात. डोस झपाट्याने उतरतो. नेमकं याच वेळी घरी कुणाचा तरी काढा किंवा भातबंदी चालू असते आणि श्रेय तिकडे जातं. पेशी दमल्या की डोस परत चढतो, तोवर काढेवाल्याची कीर्ती चार गावांत पोचलेली असते.

गूळ आणि भाकरीचा मुद्दा सोपा आहे, पण त्यात नुकसान रोजचं. दहा ग्रॅम साखरेत दहा ग्रॅम कार्ब, दहा ग्रॅम गुळात साडेआठ ते नऊ. मधात पाणी असल्याने थोडे कमी. भाकरीचं म्हणाल तर ती पौष्टिक आहे, तंतुमय आहे, पोळीपेक्षा साखर थोडी सावकाश चढवते, हे सगळं मान्य. पण साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत चाळीस ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, म्हणजे दोन पोळ्यांहून जास्त. "भाकरी चालते" म्हणून डोस कमी दिला की दोन तासांनी साखर तीनशेच्या घरात, आणि बोल लागतो तो शाळेत कुणीतरी दिलेल्या चॉकलेटला. उपासाला साबुदाणा हा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. तो 'उपासाचा' म्हणून त्याला कुणी भाताच्या पंगतीला बसवत नाही.

तर मोजायचं कसं? तिसरीतली अठ्ठावीस किलोंची मुलगी घ्या, दिवसाचं एकूण इन्सुलिन पंचवीस युनिट. पाचशेला पंचविसाने भागा : एका युनिटला वीस ग्रॅम. हा ढोबळ अंदाज, खरं प्रमाण डॉक्टर साखरेच्या नोंदी पाहून ठरवतात, आणि पुष्कळ मुलांत सकाळी तेवढ्याच कार्बना जास्त इन्सुलिन लागतं. आता दुपारचं ताट. पाव किलो कणकेच्या दहा पोळ्या झाल्या तर एका पोळीत पंचवीस ग्रॅम पीठ, म्हणजे सतरा ग्रॅम कार्ब. दोन पोळ्यांचे चौतीस. ओट्यावरच्या काट्यावर ताटली ठेवली, आकडा शून्य केला, भात वाढला : साठ ग्रॅम. शिजलेल्या भातात शंभराला सत्तावीस-अठ्ठावीस, म्हणून सोळा-सतरा. भात गुरगुट्या असेल तर पाण्यामुळे थोडे कमी, फोडणीचा मोकळा असेल तर थोडे जास्त. अर्धी वाटी वरणाचे आठ. गवारीच्या भाजीचे नगण्य. बेरीज साठाच्या आत-बाहेर, डोस तीन युनिट. वर हापूसच्या शंभर ग्रॅम फोडी हव्या असतील तर आणखी पंधरा-सोळा ग्रॅम, पाऊण युनिट. महिनाभर काटा वापरला की डोळाच काटा होतो. आईने वाढलेली वाटी आणि आजीने वाढलेली वाटी यांतला फरक मुलगीच सांगू लागते.

"एवढं मोजत बसायचं म्हणजे जन्माची शिक्षा", हा आक्षेप बरोबर असता, जर ग्रॅम चुकला की घात होत असता. ऑस्ट्रेलियातल्या कार्मेल स्मार्ट यांनी मुलांवरच हे तपासलं. साठ ग्रॅमच्या जेवणात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी जेवणानंतरच्या साखरेत लक्षणीय फरक पडला नाही. वीस ग्रॅमची चूक मात्र महागात पडली. बर्नस्टीन यांच्या तर्कातला मधला खांब इथे हलतो. अंदाज चुकतो हे खरं, पण सवयीने तो ज्या मर्यादेत चुकतो ती बहुधा पेलण्याजोगी असते. त्याच शास्त्रज्ञ मंडळींनी हेही दाखवलं की भरपूर स्निग्धांश आणि प्रथिनं असली तर साखर तीन ते पाच तासांनी वर जाते. तुपाची धार सोडलेली पुरणपोळी रात्री साडेनऊला खाल्ली आणि झोपताना साखर उत्तम दिसली, तरी मध्यरात्री पुन्हा पाहावी लागते ती यासाठी.

मोजणी ही जादूची कांडी आहे असं माझं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये ११ ते १६ वयाच्या मुलांना 'किक-ऑफ' नावाने असाच शिक्षणक्रम दिला गेला. एचबीए१सीत म्हणावा असा फरक पडला नाही, आयुष्य मात्र सुसह्य झालं असं मुलांनी सांगितलं. तेराव्या-चौदाव्या वर्षी कुठल्याही शिक्षणाला मर्यादा पडतात. पण बंदीचं याच वयात काय होतं ते बघा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात बिस्किटांचे कागद सापडतात, गादीखाली कॅडबरीची चांदी सापडते. चोरून खाल्लेल्याचा डोस घेता येत नाही, कारण डोस घेतला तर चोरी उघड होते. मग वहीत खोटे आकडे लिहिले जातात, आणि त्या आकड्यांवर डॉक्टर पुढचा डोस ठरवतात. चाळीस ग्रॅमचं आइसक्रीम सांगून खाल्लं तर दोन युनिटांचा प्रश्न आहे. लपवून खाल्लं तर घरातला विश्वास आणि उपचार दोन्ही नासतात.

गोडाला विष ठरवण्याचा आणखी एक तोटा. साखर सत्तरच्या खाली गेली की तेच गोड औषध असतं, आणि तेव्हा मिनिटं मोजायची असतात. तीस किलोच्या मुलाला नऊ-दहा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे दोन चमचे साखर पाण्यात विरघळवून, लगेच. पंधरा मिनिटांनी परत तपासणी. पेढा किंवा चॉकलेट इथे कामाचं नाही, स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ज्या मुलाला वर्षभर साखरेचं भय घातलं, ते वर्गात थरथरत बसतं आणि खिशातली ग्लुकोजची गोळी काढत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात खाऊ नेण्याची मुभा दिली आहे. घरातल्या दिवाणखान्यातही ती मिळायला हरकत नसावी.

एक गोष्ट पूर्वपक्षाच्या पदरात टाकलीच पाहिजे. वर मांडलेलं सगळं गणित बेसल इन्सुलिन वेगळं आणि प्रत्येक जेवणाचं वेगळं, असं दिवसातून चार वेळा टोचणाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं आजही सकाळ-संध्याकाळच्या मिश्र इन्सुलिनवर आहेत, कारण तेच मिळतं किंवा तेच परवडतं. त्यातला मंदगतीचा भाग दुपारी जोर करतो, तेव्हा त्या वेळी पोटात काही असावंच लागतं. अशा मुलाला "हवं ते खा" म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल. त्याला रोज ठरल्या वेळी ठरलेले कार्ब लागतात. पण इथेही मागणी आहे ती सातत्याची. सकाळचा डोस देऊन दुपारचा भात काढून घेतला, तर शाळेतच हायपो होईल, म्हणजे साखर धोकादायक घसरेल. म्हणजे गरीब घरात भातबंदी अधिकच धोक्याची. आपल्याकडच्या पथ्यवादाचं मूळ, मला वाटतं, बरंचसं या टंचाईत आहे. साखर तपासायच्या पट्ट्या आणि इन्सुलिन महाग, उपदेश फुकट.

असं मूल तुमच्या घरी असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : एका युनिटला किती ग्रॅम कार्ब, एका युनिटने साखर किती उतरते, तापात बेसल किती द्यायचं, आणि कोणत्या आकड्याला रुग्णालय गाठायचं. मिश्र इन्सुलिन असेल तर कोणत्या वेळी किती कार्ब द्यायचे, तेही. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आणा, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची एक डबी येते त्याहून तो फार महाग नाही. आणि तुम्ही नातलग असाल, गणपतीत त्या घरचं मूल तुमच्या पंगतीला बसणार असेल, तर मोदक लपवू नका. तो केवढा आहे आणि त्यात गूळ किती घातला ते त्याच्या आईला सांगा, आणि इंजेक्शन घेऊन त्याला जेवढं थांबायला सांगितलं असेल तेवढी मिनिटं पंगत खोळंबू द्या.